ललितानं वरून नाव घेतलं

ललिताले साऱ्या दुनियेचं नाव घेता येत होतं, फक्त एक सोडून. गल्लीतल्या कुत्र्यापासून भोपाळच्या मंत्र्यापर्यंत कोनाचंही नाव ती खणखणीत घे. आवाज असा, की वैशाली नगरात तिनं हाक मारली तं मागच्या गल्लीतली म्हैस मान वर करे. पण नवऱ्याचं नाव आलं की गळ्यात बोराची बी अटकली समजा. अवो. बस, अवो. लग्न झालं, पोरगी झाली, पोरगी शाळेत जाले लागली, तरी गाडी ‘अवो’च्या पुढं काही सरकली नाई.

अन् दुर्गच्या कोर्टात तिची केस येऊन अटकली ती नेमकी इथंच.

झालं असं. जामुलच्या रस्त्याले एक कारखाना होता. कारखान्याचं नाव राहू द्या, इथं आधीच एका नावानं घोळ घातला आहे. लोखंडाचे मोठमोठे पाईप अन् टाक्या बनवत. शेडच्या माथ्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरणारी क्रेन. क्रेनच्या पोटाले लटकलेली केबिन अन् केबिनमधे ऑपरेटर धोंडबा, म्हणजे ललिताचा बाप. खाली माल तारेत बांधणारे खलाशी. त्यातला एक लहानू, ललिताचा नवरा. नाव लहानू, पण देह असा की दरवाज्यातून आडवं होऊन शिरावं लागे. अन् झाडू-टोपलं घेऊन लोखंडाचा चुरा गोळा करणारी ललिता. एकाच घरचे लोक, कोनी आभाळात, कोनी जमिनीवर, अन् ही धुळीत.

धोंडबाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. सांगावं तं नोकरी जाते, म्हणून बुढा गप. एक दिवस त्यानं अख्खा गर्डर चहावाल्याच्या गाड्याच्या अंगावर उतरवाले घेतला. चहावाला उकळता चहा सोडून पळाला, तो पार जामुलच्या बसमधे जाऊन बसला. त्या दिवसापासून ललिता बापाचा डब्बा घेऊन शिडी चढाले लागली. आधी डब्बा देऊन खाली ये. मंग थांबून सांगे, “बाबा, जरा डावीकडं, हं, आता सोडा.” मंग एक दिवस बुढा म्हणाला, “तूच बस वो, मी सांगतो.” अन् थोड्या दिवसानं बुढा सांगाचाही थांबला. खिडकीले डोकं टेकवून घोरत पडे.

वर्षभर असं चाललं. सगळ्या शेडले ठाऊक. फक्त मॅनेजर हिरालालले नाई, कारण तो कधी वर पाहतच नव्हता, मान दुखते म्हणे. उलट एकदा समोर माल अलगद टेकला तं खुश होऊन म्हणाला, “वाह! धोंडबा का हाथ इस उमर में भी मक्खन है!” खाली लहानू असा हासला, की त्याले खोकल्याचं सोंग करावं लागलं.

अन् ललिताचं म्हणाल तं तिचा जीव त्या केबिनमधे जडला होता. खाली झाडू मारताना बाईले काय दिसते? लोकायचे बूट. वर चढली की टोप्या दिसत. पत्र्याच्या फटीतून सिमेंट कारखान्याचा धूर दिसे, दूरवर बस वळण घेताना दिसे, अन् हाताखालचा दांडा जरासा ढकलला की हत्तीएवढं लोखंड लेकरासारखं मागं-मागं ये. तिले वर चक्कर येत नव्हती. खाली उतरली की ये.

धोंडबा रिटायर झाला, तशी ललिता पदर खोचून हिरालालपुढं उभी. “साहेब, क्रेन मले द्या.”

हिरालाल पान थुंकाले उठला होता, तो थुंकाचंच विसरला. “तू? अरे औरत जात! ऊँचाई पे चक्कर खा के गिरेगी. झाडू ठीक है.”

“साहेब, वर्षभरापासून मी वरच तं आहो.”

“क्या?”

“ते मक्खन, साहेब... ते माझं होतं.”

झालं! आपण वर्षभर चुकीच्या माणसाची तारीफ केली, हे हिरालालले जे लागलं ते लागलंच. त्यानं रायपूरहून एक जवान ऑपरेटर बोलावला. मिशी पिळदार, बूट चमकदार. पहिल्याच दिवशी मिशीवाला वर चढला, खाली पाहिलं, अन् उतरला तो थेट लहानूच्या गळ्यात पडून, “भैया, धरती कहाँ है?” म्हणाले लागला. तरी नोकरी त्याचीच. ललिताच्या हाती पुन्हा झाडू.

मंग आली बेबीताई. बेबीताई वकील. मूळची भंडाऱ्याकडची, राहाले दुर्गच्या मोहन नगरात, अन् फिराले लूना. लूना ती अशी चालवे, की ट्रकवाले आपणहून बाजूले होत. ललिताच्या घरी आली, चपला काढल्या, सरळ चुलीजवळ बसली. ललिताची सासू शेवंताबाई भाकरी थापून रायली होती. गरम भाकरीवर हात मारत बेबीताई म्हणाली, “कायदा आहे. शहात्तरचा. बाई-माणसाले एका कामाले एकच मजुरी, अन् भरती करताना बाई म्हणून अडवाचं नाई. सत्याऐंशीत त्यात आणखी घातलं, बढती, ट्रेनिंग, बदली, कुठंच नाई अडवाचं.”

“कोनी घातलं?” शेवंतानं विचारलं.

“सरकारनं.”

“असंच? सरकारले सपन पडलं?”

“सपन कायचं माय, बाया भांडल्या! दिल्लीले परदेश खात्यात एक मोठी अफसर बाई होती. तिथं नियम असा, की बाईले लग्न कराचं तं सरकारची परवानगी पाहिजे.”

“सरकार का मामा लागते का तिचा?”

“तेच ती सुप्रीम कोर्टात म्हणाली! कोर्टानं सरकारचे कान धरले. मंग विमानातल्या बाया. पहिल्यांदा पोटुशी रायली की नोकरी खतम, असा नियम.”

शेवंताचा भाकरीवरचा हात थांबला. “कावून वो? पोट दिसलं तं विमान खाली येते का?”

“तोही नियम कोर्टानं फेकला. मंग मुंबईची एक स्टेनो. टाईप करणाऱ्या माणसाले जास्त, बाईले कमी. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली अन् जिंकून आली, आता आता. अन् या सगळ्यायच्या आधी, बायायले हक्क भेटावा म्हणून हिंदू कोड बिलापायी मंत्रीपद कोनी सोडलं?”

शेवंतानं पिठाचे हात जोडून भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. बाबासाहेब चष्म्यातून पाहून रायले होते. “त्यायनं मंत्रीपद सोडलं,” ती म्हणाली, “तं आपल्याले झाडू सोडाले का धाड भरली? टाक वो बेबी, केस टाक!”

टाकली.

पहिली तारीख. दुर्गचं लेबर कोर्ट, वरती पंखा कुरकुर करून रायला. जज साहेब जबलपूरकडचे, केस पांढरे, चेहरा कोरा. बाबूनं विचारलं, “नाम?”

“ललिता.”

“पति का नाम?”

ललितानं पंख्याकडं पाहिलं. मंग पायाच्या अंगठ्याकडं. मंग दरवाज्यात मावत नसलेल्या लहानूकडं. “ते... ते तिथं उभे आहे ते.”

“नाम बताइए, बाई.”

“आमच्या घरचे.”

जज साहेबायनं चष्मा वर केला. “घर में कितने हैं?”

“एकच आहे साहेब!” ललिता घाबरून ओरडली, अन् कोर्ट खदखदाले लागलं.

मागच्या बाकावरून शेवंता उठली. “लहानू! लिवा ना, लहानू! मीच ठेवलं नाव, मी सांगतो!”

सगळे हासले. हासला नाई एकच. कंपनीचा वकील ओमप्रकाश. हा माणूस लोणी लावलेल्या चाकूसारखा, गोड अन् धारदार. त्यानं टाळूवरून हात फिरवला अन् काहीतरी मनात बांधून ठेवलं.

पुढच्या तारखेले त्यानं ते सोडलं. आधी साक्षीले बोलावला नत्थू खलाशाले. नत्थू बिचारा आपल्याच बाजूचा, पण खोटं बोलता येत नाई.

“नत्थू, क्रेन में घंटी है?”

“हाव साहेब. क्रेन हालली की घंटी. दिवसभर टणटण.”

“तो घंटी बजी तो सब हट जाते हैं?”

“कोनी हटत नाई साहेब. दिवसभराचंच आहे ते. कानाले सवय झाली.”

“फिर कोई लोड के नीचे आ जाए तो?”

“मंग धोंडबाभाऊ नाव घेऊन हाक मारे. नत्थ्या हट, अशी. आपलं नाव आलं की माणूस आपोआप मान वर करते.”

ओमप्रकाश जज साहेबाकडं वळला, दोन्ही हात पसरून. “हुजूर, कानून सर-आँखों पर. मैं औरत के खिलाफ नहीं, मैं तो उसके सुहाग की फिकर कर रहा हूँ! इस कारखाने में जान बचती है नाम पुकारने से. नीचे खलाशी कौन है? इनके पति. और ये बाई भरी अदालत में पति का नाम नहीं ले सकीं. ऊपर से क्या पुकारेंगी? सुनिए जी?”

बेबीताई कायद्याचं पुस्तक भराभर चाळाले लागली.

जज साहेबायनं लिहिता लिहिता म्हटलं, “मैं खुद आकर देखूँगा. मौके पर.”

कोर्टाच्या पायरीवर बेबीताईनं ललिताचा दंड धरला. “आयक. कायदा आपल्या बाजूनं, चक्करवाली गोष्ट त्या मिशीवाल्यानंच निकालात काढली. आता एकच गोष्ट रायली. वरून नवऱ्याचं नाव घ्याचं. घेतलं तं केबिन तुझी. नाई घेतलं तं जन्मभर झाडू.”

“बेबीताई, दुसरं काही सांगा ना! म्हणाल तं हुकाले लटकून दाखवतो.”

“नाव.”

“उखाण्यात घेतो?”

“घे बरं.”

ललितानं पदर सावरला, गळा साफ केला. “शिवनाथच्या काठावर हिरवंगार रान, लहानूरावाचं नाव घेतो, आयका देऊन कान!”

“वा वा! सुंदर!” बेबीताईनं टाळ्या वाजवल्या. “रान येईपर्यंत लहानू खाली चेपला. कान येईपर्यंत आम्ही त्याले माती देऊन आलो. नुसतं नाव घे वो!”

घरी प्रॅक्टिस सुरू झाली. लहानू अंगणात खाटेवर बसला, डोळे मिटून, हात गुडघ्यावर, जसा फोटो काढाले बसला. ललिता समोर.

“घे.”

“ल...”

“हं हं!”

“ल... ल... लसून संपला, आणा जाऊन.”

शेवंताले हे काही पटलं नव्हतं. केस पाहिजे, क्रेन पाहिजे, पण हे नाई. “नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होते. माझा एकच पोरगा आहे, बेबी.”

“माय, तुम्ही दीक्षा घेतली. देव सोडले, उपास सोडले, बुवा-बाबा सोडले. हे कावून धरून ठेवलं?”

“देव सोडले वो, नवरा थोडीच सोडला!”

बेबीताई हासली. मंग हळूच म्हणाली, “माय, तुम्ही कधी घेतलं होतं का नाव? बाबाजीचं?”

“छट्! जन्मात नाई!”

“मंग ते इतके लवकर कावून गेले?”

 शेवंताचा नवरा देवराव गेला तेव्हा लहानू लहानच होता, नावाले शोभेल एवढा. बुढीनं तेव्हापासून इतकी दुःखं उलटी-सुलटी करून पाहिली होती, पण या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. ती अंगणातल्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवत रायली. मंग एकदम खेकसली, “ललिते! का उभी रायली तोंड पाहत? घे नाव! माझ्या देखत घे!”

आता सासूचा हुकूम. पण गळ्यातली बी काही निघेना.

मंग लहानूनं शपथ घेतली. अख्ख्या गल्लीपुढं छातीवर हात ठेवून म्हणाला, “आजपासून ‘अवो’ले मी ओ देणार नाई. आभाळ पडो. माझं नाव लहानू आहे, नावानं बोलावलं तं येईन.”

अन् माणूस शपथेचा पक्का निघाला! “अवो, पानी आलं, बालटी लावा.” लहानू ढिम्म. “अवो, दूध उतू चाललं.” लहानू चुलीजवळच बसला होता. दूध वर आलं, काठावर आलं, चुलीत गेलं, अन् हा आपला पाहत रायला, जसा सिनेमा. “अवो, तुमची पोरगी आंब्याच्या झाडावर चढली.” “आपल्या आईवर गेली,” असं तो भिंतीले म्हणाला, पण ललिताले ओ नाई. शेवटी ललितानं कांदे फेकाले सुरुवात केली. जेवाले बोलवाचं तं एक कांदा, चहाले बोलवाचं तं एक कांदा. नेम असा बसला, की लहानू दिवसभर कपाळ चोळत फिरे.

“वरून का कांदे फेकणार आहेस?” बेबीताईनं कपाळावर हात मारला.

शेवटी तो दिवस आला.

शेडमधे जशी वरात यावी तशी गर्दी. जज साहेब, बाबू, बेबीताई, ओमप्रकाश, अन् पुढं पुढं करणारा हिरालाल. धोंडबा ऑपरेशन करून, डोळ्यावर हिरवी पट्टी लावून, खुर्चीवर. “कोन आलं? जज साहेब आले का? कुठल्या बाजूनं?” करत तो नमस्कार घालून रायला होता, अन् ते नमस्कार सगळे चहावाल्याले जाऊन रायले होते. शेवंता डब्बा घेऊन गेटपाशी, तिले आत सोडलं नव्हतं, पण मान आत होती.

ललितानं लुगड्याचा कासोटा घट्ट मारला, वरून बापाचा खाकी शर्ट घातला अन् शिडी चढली. खार चढते तशी. हिरालालनं पहिल्यांदा मान वर करून पाहिलं अन् लगेच मान धरली.

ओमप्रकाश त्याच्या कानाशी लागला. हिरालालनं आवाज देला, “नत्थू हटेगा. लोड पे लहानू जाएगा.”

बेबीताईले घाम फुटला. पण लहानू? लहानू फुलून आला! लोखंडी टोपीखाली केस विंचरून आला होता पठ्ठ्या. लांबलचक पाईपले तार बांधली, तार ओढून पाहिली, अंगठा वर केला, “हापेज!” म्हणजे उचल.

पाईप उठला. काय उठला! धूळसुद्धा हालली नाई. घंटी टणटण सुरू झाली, क्रेन सरकाले लागली. जज साहेबायची मान क्रेनसंगं फिरून रायली होती. “अच्छा...” ते म्हणाले. “अच्छा.” धोंडबा खुर्चीवरून म्हणाला, “आवाजावरून सांगतो साहेब, मक्खन आहे.”

सगळं झालं असतं बरोबर, पण लहानूच्या अंगात बायकोचं कौतुक शिरलं. जज साहेबायले दिसावं म्हणून तो पाईपच्या पुढं पुढं चालाले लागला, छाती काढून, हात हालवत, जसा बँडवाल्यायचा मास्तर. तोंड जज साहेबाकडं, पाठ पाईपकडं. चालता चालता तो गेला चुकीच्या बाजूले, अन् एका टाकीच्या अन् पाईपच्या मधे जाऊन हासत उभा रायला.

वरून ललिताले दिसलं. तिनं क्रेन थांबवली. पण तारेले लटकलेलं लोखंड क्रेन थांबली म्हणून थांबत नाई, ते झोका खाऊन पुढं येते. इतका वेळ घंटी वाजून रायली होती. कोनी आयकत नव्हतं.

“अवोऽऽ!”

सगळ्या शेडनं मान वर केली! नत्थूनं केली, वेल्डरायनं केली, चहावाल्यानं केली, ओमप्रकाशनं केली, हिरालालनं दुखती मान धरून केली. जज साहेबायनं तं सगळ्यात आधी केली, अन् संगं “हो हो”ही म्हटलं. त्यायची बायको अमरावतीची, हे त्या दिवशी सगळ्यायले कळलं. लग्न झालेला एकही गडी असा नव्हता, ज्यानं वर पाहिलं नाई.

फक्त एकानं नाई पाहिलं. लहानूनं. शपथ! आयकू आलं होतं त्याले, कान शाबूत होते. पण तो गालात हासला अन् मान डोलवली. नाव घे, मंग पाहतो.

पाईपचं शेपूट टाकीकडं येऊन रायलं होतं, अन् मधे तिचा माणूस, केस विंचरून, हासत.

ललिताच्या गळ्यातून ती बी अशी उडाली, जशी बंदुकीतून गोळी.

“लहानूऽऽ! ए लहान्याऽऽ! बस खाली, गधड्या!”

लहानू असा बसला, की जमिनीतून आवाज आला. पाईप त्याच्या डोक्यावरून गेला, लोखंडी टोपी उडवून घेऊन. टोपी ठणठण करत गेली ती ओमप्रकाशच्या बुटापाशी जाऊन गोल फिरली अन् थांबली. ललितानं झोक्यासंगं क्रेन नेली, पाईप आवरला, मागं आणला, अन् ठरलेल्या जागी अलगद टेकवला.

 घंटी थांबली.

जमिनीवरून, धुळीतून, लहानूचा आवाज आला. “ओऽऽ!”

मंग जो हासा फुटला! नत्थू लोळला. बेबीताई एका हातानं डोळे अन् एका हातानं नाक पुसून रायली. धोंडबा विचारून रायला, “घेतलं का? घेतलं का?” अन् हिरालाल पाईपवर बसून म्हणाला, “पानी... जरा पानी लाना, चक्कर आ रहा है.”

जज साहेबायनं ती टोपी उचलली, झटकली, ओमप्रकाशच्या हाती देली. “वकील साहब, सुनाई दिया?”

“जी हुजूर.”

“मुझे तो दोनों बार सुनाई दिया.”

वर केबिनमधे ललिता तोंडावर हात ठेवून बसली होती. आता काहीतरी पडणार, काहीतरी फुटणार, असं तिले वाटून रायलं होतं. खाली पाहिलं. लहानू उभा. पूर्ण उभा, तेवढाच मोठा, हात-पाय सगळे जागेवर. तिनं हात काढला. “लहानू?” हळूच.

“ओ!”

“लहानू!”

“ओ वो!”

“लहाऽऽनूऽऽ!” अन् तिले असं हासू सुटलं, की क्रेनची केबिन हालाले लागली. हे इतकं सोपं होतं? इतके वर्ष हे तोंडात ठेवून ती लसून मागत होती? लहानू, लहानू, लहानू! गेटवरून शेवंता ओरडली, “पुरे वो आता! घासून जाईल नाव!”

हुकूम लागाले आणखी तारखा लागल्या, शेवटी कोर्टच ते. पण लागला तो असा, की बाई आहे म्हणून क्रेन नाकारता येणार नाई, ट्रेनिंग द्या, ऑपरेटर करा. बेबीताईनं तो पुरा हिंदीत वाचून दाखवला, मंग मराठीत सांगितला, मंग शेवंताच्या सांगण्यावरून बाबासाहेबाच्या फोटोपुढं पुन्हा एकदा वाचला. कंपनी वरच्या कोर्टात जातो जातो म्हणत रायली, पण मिशीवाला आधीच रायपूरले पळाला होता अन् माल तं उचलाच लागत होता.

आता शेडमधे दिवसभर वरून हाक येते. नत्थू हट, लहानू बस, हिरालाल साहेब बाजूले व्हा. घरी मात्र ललिता पुन्हा ‘अवो’वर आली. लहानू रुसला. “कारखान्यात नाव, घरी अवो?”

“तिथं तुमच्या डोक्यावर लोखंड असते,” ती म्हणाली. “इथं मी आहो.”

अन् एका रविवारी, दुपारच्याले, सगळे आत जेवून लवंडले होते. अंगणात शेवंता एकटीच शेळीले पाला चारून रायली होती. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मंग ओठातल्या ओठात म्हणाली, “दे... देव...” थांबली. शेळीनं मान वर केली. “देवराव,” शेवंता म्हणाली. काही पडलं नाई. काही फुटलं नाई. आंब्याचं एक पान हाललं, ते आधीपासूनच हालून रायलं होतं. बुढीनं छाती भरून श्वास घेतला.

“देवराऽऽव! ए देवराऽऽव!”

मागच्या गल्लीतली म्हैस चमकली. लहानू लुंगी सावरत धावत बाहेर आला, मागून ललिता. “माय! कोनाले हाक मारून रायली?”

“तुझ्या बापाले,” शेवंता हासत म्हणाली, अन् हासता हासता पदरानं डोळे पुसले. “इतके वर्ष ‘अवो, अवो’ केलं, बुढ्यानं एकदा ओ देली नाई. मले वाटे, रागावला. आता समजलं ना, तोही लहानूसारखाच नावाची वाट पाहत बसला असन!”